एका कामाची वीज : प्रस्तावना

२००५च्या उन्हाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी छापखान्यात अक्षरजुळणी करत होते. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि दुपारी ठरलेल्या वेळी भारनियमन. लग्नसराईचे दिवस होते. पत्रिका वेळेवर द्यायच्या म्हणजे वीज गेली तरी हात थांबवून चालत नसे. खोलीत दोन असेंबल्ड कॉम्प्युटर शेजारीशेजारी होते, त्यांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रोसेसर. दोघांना एकाच दिवशी आणलेले, एकाच बनावटीचे यूपीएस. वीज गेली की दोन्ही यूपीएस एकदम शिट्टी मारू लागत आणि आम्ही हातातलं पान सेव्ह करायला धावत असू. एका टेबलावरची शिट्टी चार-पाच मिनिटांत बंद पडे आणि पडदा काळा होई. दुसऱ्या टेबलावर तोवर आणखी एक पत्रिका जुळवून होई. पहिल्या मशिनचं नाव मालकांनी ‘भट्टी’ ठेवलं होतं. त्याच्या मागच्या जाळीपाशी पाय गेला तर पोटरीला झळ लागायची.

भट्टी तापते ती प्रोसेसरमुळे, हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललं होतं. दिवाळीच्या साफसफाईत मी ते कॅबिनेट उघडलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये कागदाचा भुसा आणि धूळ मिळून जाड थर बसला होता. पंखा फिरत होता, पण वारा पलीकडे जातच नव्हता. हीटसिंक उचलला तर खालची पांढरी पेस्ट पानाच्या डबीत राहून गेलेल्या चुन्यासारखी सुकून तडकलेली. मशिनला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, तर कुठल्या तरी मोडीत काढलेल्या मशिनमधून काढून बसवलेला होता. ब्रशने सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली, एसएमपीएस बदलला. त्या आठवड्यात वीज गेली तेव्हा भट्टीची शिट्टी बराच वेळ वाजत राहिली. शेजारच्या मशिनइतका वेळ नाही, पण आधीपेक्षा कितीतरी जास्त. आम्ही वर्षभर ज्याला प्रोसेसरचा दोष म्हणत होतो, त्यातला प्रोसेसरचा वाटा नेमका किती होता, हा प्रश्न त्या दिवशी मनात बसला. या पुस्तकाचं बी तिथलं.

दोन प्रोसेसरची तुलना दुकानात दोन आकड्यांवर होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही गाळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी ते कानावर पडतं: “हा सात नॅनोमीटरचा आहे, तो दहाचा”, “हा एकशेपाच वॅटचा, तो एकशेपंचवीसचा”. आकडा लहान तो चांगला. मला या पुस्तकात सांगायचं आहे ते एवढंच, की एक ठरावीक काम पुरं करायला किती वीज लागली, हा तुलनेचा खरा प्रश्न आहे आणि या दोन्ही आकड्यांतून त्याचं उत्तर मिळत नाही. ट्रान्झिस्टर किती बारीक हे एके काळी सांगणारा नॅनोमीटरचा आकडा आज मोजमाप राहिलेला नाही, ते नाव झालं आहे. वॅटचा आकडा हे मोजमाप आहे, पण कशाचं, ते प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते.

वीज जाते कुठे, ते आधी पाहू. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक बारीकशी घागर समजा. ‘१’ लिहायचा तर घागर ठरावीक उंचीपर्यंत भरायची, ‘०’ लिहायचा तर ती मोरीत ओतायची. ओतलेलं परत मिळत नाही. त्याची उष्णता होते. घागर किती रुंद, हे मुख्यतः निर्मितीप्रक्रियेवर ठरतं, अभियंते त्याला कपॅसिटन्स म्हणतात. किती उंच भरायची ते व्होल्टेज. सेकंदाला किती वेळा भरायची आणि ओतायची ती फ्रिक्वेन्सी. यांत व्होल्टेजची गोष्ट वेगळी आहे. उंची दुप्पट केली तर पाणी दुप्पट लागतं, शिवाय ते दुप्पट उंचीवर चढवावं लागतं, म्हणून खर्च चौपट होतो. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले. पुढच्याच वर्षीचे पेंटियम ३.३ व्होल्टवर आले. नुसत्या या बदलाने घागर एकदा भरण्याचा खर्च जवळपास ४४ टक्क्यांवर उतरला. घागरही लहान झाली होती, तो फायदा वेगळाच.

पेंटियमचं नाव निघालं आहे तर एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण मराठी वाचकाला ती माहीत असायला हवी. त्या पेंटियमच्या उभारणीत ज्यांचं नाव आघाडीवर घेतलं जातं ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पेंटियम बनवणारी इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या रचनेतून एएमडीचा के-६ हा प्रोसेसर १९९७ मध्ये बाजारात आला. इंटेल आणि एएमडी यांच्या चढाओढीत दोन्ही बाजूंनी एकाच माणसाचं काम आहे. या दोन कंपन्यांकडे घराण्यांच्या वैरासारखं पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. माणसं आणि ज्ञान इकडून तिकडे जातच होतं.

आता व्होल्टेजकडे परत येऊ. १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम मांडला. ट्रान्झिस्टरची लांबी, रुंदी, जाडी ज्या प्रमाणात कमी कराल त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करा. तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील, ते जास्त वेगाने चालतील आणि तरीही त्या जागेत होणारी एकूण उष्णता वाढणार नाही. गॉर्डन मूर यांचा १९६५चा अंदाज सगळ्यांना ठाऊक असतो; ट्रान्झिस्टरची संख्या वाढत जाईल एवढंच तो सांगतो. ती वाढ परवडेल का, याचं उत्तर डेनार्ड यांच्या नियमात होतं. जवळपास तीस वर्षं तो नियम कारखान्यांना पुरला. त्या काळात नॅनोमीटरचा आकडा लहान झाला की चिप वेगवान आणि थंडही होणार, असं समजणं बरोबरच होतं. आज लॅमिंग्टन रोडवर ऐकू येणारी समजूत त्या तीस वर्षांची शिल्लक आहे.

नियम अडला तो गळतीपाशी. घागरीला तडा असावा तसा बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा विद्युतप्रवाह झिरपत असतो. व्होल्टेज कमी करायचं तर ट्रान्झिस्टर ज्या दाबाला उघडतो तोही खाली आणावा लागतो, आणि तो जितका खाली आणाल तितकं त्याचं दार नीट लागेनासं होतं. साध्या खोलीच्या तापमानाला तो दाब ६० मिलिव्होल्टने उतरवला तर गळती दसपट होऊ शकते, आणि हे निसर्गाने घातलेलं बंधन आहे, कारागिरीचा दोष नाही. त्यात ट्रान्झिस्टरच्या दाराखालचा काचेसारखा पापुद्रा इतका पातळ झाला होता की इंटेलच्या ९० नॅनोमीटर प्रक्रियेत तो १.२ नॅनोमीटर उरला, म्हणजे जेमतेम पाच अणूंचे थर. त्यातून इलेक्ट्रॉन पार होऊ लागले. शिवाय सिलिकॉन जितकं तापतं तितकं जास्त गळतं, आणि गळलं की आणखी तापतं. भट्टीत धूळ साचल्यावर प्रोसेसर नुसता गरम राहत नव्हता. तेच काम करायला तो आधीपेक्षा जास्त वीजही घेत होता.

२००४ हे वर्ष या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. त्या फेब्रुवारीत इंटेलने पेंटियम-४ची नवी आवृत्ती काढली, आतलं नाव प्रेस्कॉट. आधीची नॉर्थवूड १३० नॅनोमीटरची होती, ही ९०ची. जुन्या समजुतीप्रमाणे ती थंड असायला हवी होती. ३.२ गिगाहर्ट्झच्या नॉर्थवूडसाठी कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा ८२ वॅट होता. तेवढ्याच फ्रिक्वेन्सीच्या प्रेस्कॉटसाठी तो १०३ वॅट झाला. पुढच्या काही प्रेस्कॉटनी ११५ गाठले. त्या वेळी एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ जर्मनीत ड्रेस्डेनच्या कारखान्यात अजून १३० नॅनोमीटरवर बनत होता आणि त्याचा आकडा होता ८९. वर्ष संपता संपता एएमडीही ९०वर आली तेव्हा तिचा आकडा वाढला नाही, ६७ पर्यंत खाली आला. ड्रेस्डेनमध्ये ट्रान्झिस्टरखाली विद्युतरोधक थर घालून सिलिकॉन त्यावर ठेवत, आयबीएमबरोबर विकसित केलेली ती पद्धत होती. त्यामुळे गळतीची एक वाट बंद होई आणि घागरही थोडी लहान होई.

यावरून त्या काळी सगळीकडे एकच निष्कर्ष निघाला, की इंटेलची ९० नॅनोमीटर प्रक्रिया फसली आणि एएमडीची जमली. मीही तो निष्कर्ष कित्येक वर्षं खरा मानला. त्याला छेद देणारी चिप मात्र त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आली होती, आणि तीही इंटेलचीच. लॅपटॉपसाठीची पेंटियम-एम, आतलं नाव डोथान. प्रक्रिया तीच, ९० नॅनोमीटर. प्रेस्कॉटमध्ये १२.५ कोटी ट्रान्झिस्टर, डोथानमध्ये १४ कोटी. म्हणजे डोथानमध्ये ट्रान्झिस्टर जास्तच. आणि २ गिगाहर्ट्झच्या डोथानचा आकडा २१ वॅट.

एकच कंपनी, एकच वर्ष, एकच प्रक्रिया. एक चिप १०३ वॅटची आणि एक २१ची. इथे कारखान्याला दोष देता येत नाही. फरक रचनेत होता. पेंटियम-४ची सगळी मांडणी गिगाहर्ट्झचा आकडा वर नेण्यासाठी केलेली होती. एक सूचना पुरी करण्याच्या कामाचे नॉर्थवूडमध्ये २० टप्पे होते, प्रेस्कॉटमध्ये ते ३१ केले. टप्पा जितका छोटा तितका तो लवकर उरकतो आणि घड्याळ वेगाने चालवता येतं. पण पुढे कोणती सूचना येणार याचा अंदाज चुकला की ३१ टप्प्यांतलं अर्धवट काम फेकून द्यावं लागतं. त्या फेकलेल्या कामाची वीज खर्च झालेलीच असते. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने रचलेल्या डोथानमध्ये घड्याळ सावकाश चाले आणि प्रत्येक ठोक्याला जास्त काम होई. तिचे निम्म्याहून जास्त ट्रान्झिस्टर २ मेगाबाइटच्या कॅशमध्ये, म्हणजे चिपवरच्याच मेमरीत होते, आणि कॅशचा मोठा भाग बहुतेक वेळ निवांत असतो. ट्रान्झिस्टर किती आहेत यापेक्षा त्यांतले एका क्षणी किती राबताहेत, याला जास्त महत्त्व आहे.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत २००४च्याच ऑक्टोबरमध्ये रद्द झाला आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत मंचावर गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. पुढच्या वर्षी इंटेलचे नवे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी दर वॅटमागे होणारं काम हाच कंपनीचा नवा निकष असेल असं जाहीर केलं. २००६च्या जुलैमध्ये हैफाच्याच विचारातून आलेला कोअर-२-डुओ ६५ वॅटमध्ये दोन गाभे घेऊन आला आणि एएमडीची आघाडी संपली.

प्रक्रिया तीच ठेवून रचना बदलली तर काय होतं, ते प्रेस्कॉट आणि डोथान यांत दिसतं. याच्या उलट, रचना तीच ठेवून प्रक्रिया बदलली तर? असा प्रयोग कुणी मुद्दाम करत नाही, फार महाग पडतो. पण २०१५ मध्ये तो घडला. अ‍ॅपलने आयफोन ६-एससाठीची ए-९ ही चिप एकाच वेळी दोन कारखान्यांकडून बनवून घेतली: काही सॅमसंगकडून १४ नॅनोमीटरवर, काही तैवानच्या टीएसएमसीकडून १६ नॅनोमीटरवर. आपल्या हातातला फोन कुणाच्या चिपचा हे गिऱ्हाइकाला वरून कळायचं नाही. लोकांनी चाचण्या केल्या, आणि एकसारखी जड कामं लादणाऱ्या चाचण्यांत १६वाली चिप बॅटरी जास्त टिकवते असं अनेकांना आढळलं, म्हणजे मोठ्या आकड्याची चिप सरस ठरली. अ‍ॅपलने सांगितलं की रोजच्या वापरात दोन्हींतला फरक २ ते ३ टक्क्यांचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण फोन दिवसातला बहुतेक वेळ खिशात निवांत असतो आणि त्या वेळची चिपची वीज अशा जड चाचण्यांत मोजली जात नाही.

मग प्रक्रियेला महत्त्वच नाही का? आहे, आणि फार आहे. २०२२ मध्ये क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ८ जेन १ ही सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर बनणारी चिप काही महिन्यांत टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर नेली आणि नावात एक अधिकचं चिन्ह जोडलं. मुख्य रचना तीच. तेवढ्यावर ३० टक्क्यांपर्यंत वीज वाचते असा कंपनीचाच दावा होता, आणि फोन हातात धरणाऱ्यांना तो पटला. दोन्हींवर आकडा ‘४’ हाच होता. आकडा सारखा असून वीज वेगळी, हे इथे दिसलं. आकडा वेगळा असून वीज जवळपास सारखी, हे ए-९मध्ये.

या आकड्यांचं काय झालं ते एकदा मी डोळ्यांनी पाहिलं. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिप ठेवल्या होत्या, वरचं आवरण काढलेल्या. एक जुनी, पेंटियमच्या आधीची ४८६, एक मायक्रॉन प्रक्रियेची. तिच्यात रस्ते दिसत होते: समांतर तारा, चौकात वळणाऱ्या, कडेला चौकोनी पट्ट्या, एखादं शहर रात्री विमानातून दिसावं तसं. दुसरी अलीकडची. तिच्यात काहीच दिसेना, नुसते रंग. मोरपिसाचे असतात तसे, मान हलवली की हिरव्याचे जांभळे होणारे. तिच्यातल्या रेघा दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरपेक्षा इतक्या बारीक होत्या की प्रकाशाला त्या वेगळ्या काढता येत नव्हत्या. आता अशा रेघा छापायला नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीची यंत्रं १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरतात, आणि तो मिळवण्यासाठी वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेझर मारतात. त्या कारागिरीपुढे मी आजही थक्क होते.

पण १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने ३ नॅनोमीटरची चिप छापतात म्हणजे काय? त्या चिपवर ३ नॅनोमीटर मापाचं काही शोधू नये. इंटेलच्या १४ नॅनोमीटर प्रक्रियेत दोन शेजारच्या ट्रान्झिस्टर-दारांतलं अंतर ७० नॅनोमीटर होतं आणि सगळ्यांत जवळच्या दोन तारांतलं ५२. टीएसएमसीने २० नॅनोमीटरवरून १६वर उडी घेतली तेव्हा ट्रान्झिस्टर सपाटचे उभ्या पातीसारखे झाले, मोठी सुधारणा होती ती. तारांचं जाळं मात्र जवळपास जुनंच राहिलं. इंटेलच्या १० नॅनोमीटरवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १० कोटी ट्रान्झिस्टर बसतात असं कंपनीने २०१७ मध्ये सांगितलं, आणि टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरची घनता साधारण त्याच घरातली, किंचित कमीच. म्हणजे इंटेलचा १० आणि टीएसएमसीचा ७ हे जवळपास एकाच इयत्तेत होते. शेवटी जुलै २०२१ मध्ये इंटेलने आपल्या सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेचं नावच ‘इंटेल ७’ केलं आणि नॅनोमीटर हा शब्द गाळला. अनेकांनी त्याला फसवणूक म्हटलं. मला ते पटत नाही. माप म्हणून तो आकडा आधीच संपला होता. नाव म्हणून तरी तो आता शेजाऱ्याशी जुळतो.

इंटेलला त्या १० नॅनोमीटरने खरा त्रास दिला तो उशिराचा. १४ नॅनोमीटर २०१४ मध्ये आली आणि २०२१ पर्यंत डेस्कटॉपवर तीच राबवावी लागली. नव्या रचना नव्या प्रक्रियेसाठी आखून ठेवलेल्या. प्रक्रियाच येईना तर रचनाही अडकल्या. मग जुन्याच चिपचं घड्याळ वाढवत नेणं एवढाच मार्ग उरला, आणि त्याची किंमत व्होल्टेजने वसूल केली. घड्याळ १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं असं धरा. काम जास्तीत जास्त १० टक्के वाढलं. वीज ३३ टक्के.

एएमडीची वाट वेगळी. तिचे संस्थापक जेरी सँडर्स हे स्वतःचा कारखाना असणं हे मर्दपणाचं लक्षण मानणारे होते. त्यांच्यानंतर, २००९ मध्ये, एएमडीने आपले कारखाने वेगळे काढले. अबूधाबीच्या पैशातून त्यांची ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी झाली. त्यानंतरची काही वर्षं वाईट गेली. २०१३ चा एफएक्स-९५९० २२० वॅटचा होता, प्रेस्कॉटची चूक दुसऱ्या अंगणात पुन्हा केल्यासारखा. २०१७ मध्ये रायझन आला. २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचं काम सोडून दिलं, आणि २०१९ मध्ये एएमडी टीएसएमसीच्या ७वर गेली. पण त्या वर्षीचा रायझनही पूर्ण ७चा नव्हता: गणित करणारे तुकडे टीएसएमसीच्या ७वर आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा मधला तुकडा ग्लोबलफाउंड्रीजच्या १२वर. जाहिरातीत मात्र ७.

२०२४ मध्ये तर प्रश्नच बदलला. इंटेलच्या अ‍ॅरो लेक प्रोसेसरचा गणित करणारा तुकडा टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरवर बनून आला. त्याच वर्षीच्या एएमडी रायझन ९०००चा त्याच टीएसएमसीच्या ४वर. ज्यांच्या प्रोसेसरची तुलना लोक वर्षानुवर्षं करत आले, त्या दोघांच्या डेस्कटॉप चिपचं हृदय आता तैवानमधल्या एकाच कंपनीच्या कारखान्यांत घडत होतं.

आता वॅट. खोक्यावरचा वॅट म्हणजे चिप जास्तीत जास्त तेवढीच वीज घेईल, अशी बहुतेकांची समजूत असते. मुळात तो आकडा हीटसिंक बनवणाऱ्यासाठी आहे: एवढी उष्णता वाहून नेशील तर आमची चिप ठरलेलं काम करेल. रायझन ९ ३९५०-एक्सवर १०५ वॅट लिहिलेलं असतं. सॉकेटमधून ती १४२ पर्यंत घेऊ शकते. ७९५०-एक्सवर १७०, घेऊ शकते २३०. इंटेलने २०२१ मध्ये ही गोष्ट उघड मांडायला सुरुवात केली, त्याचं मी मनापासून स्वागत करते: कोअर आय-९ १२९००-केच्या माहितीपत्रकात मूळ वीज १२५ वॅट आणि कमाल २४१ वॅट असे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. तरीही दुकानातल्या फळ्यावर त्यांतला लहान आकडाच लागतो.

आणि दोन्ही आकडे खरे दिले तरी काम अर्धंच होतं, कारण वॅट हा वीज खर्चण्याचा वेग आहे. महिन्याच्या बिलात वेग येत नाही, युनिट येतात. समजा, एक मशिन २०० वॅट घेऊन एक व्हिडिओ ६ मिनिटांत तयार करतं आणि दुसरं ९० वॅट घेऊन १५ मिनिटांत. पहिल्याला २० वॅट-तास लागले, दुसऱ्याला साडेबावीस; राक्षस वाटणारं मशिन कमी खाऊन गेलं. आता तासातला उरलेला वेळ धरा. काम नसताना पहिलं ३० वॅट घेतं, दुसरं १५. पहिल्याची ५४ मिनिटं २७ वॅट-तासांची, दुसऱ्याची ४५ मिनिटं सव्वाअकरांची. एकूण ४७ विरुद्ध पावणेचौतीस, आणि निकाल उलटा. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या खऱ्या मशिनचे नाहीत. पण दिवसभर व्हिडिओ बनवणाऱ्याने पहिलं घ्यावं आणि दिवसातून एकदा बनवणाऱ्याने दुसरं, असा हिशेब खऱ्या मशिनांनाही लागू पडतो. म्हणून या पुस्तकात मी कुठेही ‘अमुक कंपनी चांगली’ असं लिहिलेलं नाही. काम कोणतं, ते किती वेळ चालतं आणि उरलेला वेळ मशिन काय करतं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने एम-१ ही चिप काढली, १६ अब्ज ट्रान्झिस्टरची, आणि ती घातलेल्या एका लॅपटॉपमध्ये पंखाच ठेवला नाही. तेव्हा पुन्हा २००४ सारखीच घाई झाली. कुणी म्हणालं हा टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरचा विजय, कुणी म्हणालं एआरएम रचनेचा. त्या चिपमध्ये प्रक्रिया, रचना, शेजारीच बसवलेली मेमरी आणि घड्याळ संथ ठेवण्याचा निर्णय हे सगळं एकत्र होतं. ते वेगवेगळं करून बघण्याचा प्रयत्न मी सहाव्या प्रकरणात केला आहे, आणि पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण तेच झालं आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक प्रयोग करावा. घरातल्या विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर तो ३२०० आहे: एक युनिट वीज खर्च झाली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. म्हणजे एका लुकलुकीमागे ११२५ ज्यूल. १०० वॅटचं काही चालू असेल तर साधारण सव्वाअकरा सेकंदांनी एकदा. दुपारी घरात कुणी नसताना फ्रिज, पंखे, सगळं बंद करावं. फक्त कॉम्प्युटर चालू ठेवावा. मोठी फाइल झिप करायला लावावी किंवा एखादा व्हिडिओ बनवायला लावावा, आणि मीटरसमोर स्टूल घेऊन बसावं. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या लुकलुकी मोजाव्यात. वहीत तो आकडा लिहावा, शेजारी कामाचं नाव, आणि तारीख. मग कॅबिनेट उघडून हीटसिंकमधली धूळ झाडावी आणि तेच काम पुन्हा लावून पुन्हा मोजावं.